शिक्षकांकडून घेतलेली उचल

मालेगाव तालुक्यातल्या कवळाणे गावचा गोपाळ नावाचा शेतकऱ्याचा मुलगा १८७५ साली बडोद्याच्या गादीला दत्तक गेला आणि सयाजीराव गायकवाड झाला. तोवर त्याचा अक्षरांशी फारसा संबंध आला नव्हता. कारभार हाती आल्यावर याच सयाजीरावांनी १८९३ मध्ये अमरेली भागातल्या काही गावांत प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, आणि १९०६ मध्ये तो नियम साऱ्या संस्थानाला लावला. शाळा काढा असं रयतेला सांगून ते थांबले नाहीत. शाळेचा खर्च राज्याच्या जमाखर्चात मांडला.

गोपाळ कृष्ण गोखल्यांपुढे हे उदाहरण होतं. १९११ मध्ये त्यांनी केंद्रीय कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मांडलं, तेव्हा सगळ्यात काळजीपूर्वक त्यांनी मांडला तो पैशाचा हिशेब. फर्ग्युसनमध्ये गणित शिकवलेला माणूस तो. खर्चाचे दोन तृतीयांश सरकारने द्यावेत आणि एक तृतीयांश स्थानिक संस्थांनी, अशी त्यांची वाटणी होती. मार्च १९१२ मध्ये विधेयक ३८ विरुद्ध १३ मतांनी पडलं. मुलांनी शिकू नये असं सभागृहात फारसं कुणी म्हणत नव्हतं. पैसे कुठून आणायचे, लोकांची तयारी नाही, घाई नको, अशी कारणं पुढे केली गेली.

मालेगावातल्या शाळांविषयी लिहायचं तर सुरुवात इथूनच करावी लागते. शहरातलं ‘मसगा’ महाविद्यालय सयाजीरावांच्याच नावाचं आहे. ते चालवणारी महात्मा गांधी विद्यामंदिर ही संस्था भाऊसाहेब हिरे यांनी उभी केली. डिसेंबर २०२४ पासून राज्याचं शालेय शिक्षण खातं ज्यांच्याकडे आहे, ते दादा भुसे मालेगाव बाह्य मतदारसंघाचे आमदार. म्हणजे राज्याच्या शाळांचे निर्णय ज्या टेबलावर होतात, तिथे आज मालेगावचा माणूस बसतो. त्यामुळे शाळांसाठी राज्याच्या तिजोरीतून किती, कधी आणि कोणत्या अटींवर सुटतं, हा प्रश्न मालेगावकरांनी विचारायला हवा. तो आपला आहे.

शहर कसं आहे ते आधी पाहू. मधून मोसम नदी जाते. पूर्वेला यंत्रमागांच्या गल्ल्या, दाट वस्ती, बहुसंख्य मुस्लिम कुटुंबं, उर्दू शाळा. पश्चिमेला कॅम्प, संगमेश्वर, सोयगाव, आणि मराठी शाळा. माग शुक्रवारी बंद असतात, बाकीचे दिवस रात्रंदिवस त्यांचा खडखडाट चालू. मजुरी आठवड्याच्या हिशेबाने मिळते. शहराबाहेर एका अंगाला माळमाथ्याची कोरडवाहू गावं, दुसऱ्या अंगाला काटवन, तिथे जिल्हा परिषदेच्या शाळा. शहरातली महापालिका शाळा, संस्थेची अनुदानित उर्दू शाळा आणि माळमाथ्यावरची झेडपीची शाळा यांचे मालक वेगळे, माध्यम वेगळं, अडचणीही वेगळ्या. तिघींच्या पगाराचा पैसा मात्र, पूर्ण वा अंशतः, एकाच ठिकाणाहून येतो, राज्याच्या अर्थसंकल्पातल्या २२०२ या लेखाशीर्षातून. सर्वसाधारण शिक्षणाचं हे शीर्ष.

या शीर्षातला बहुतेक पैसा पगारावर जातो. त्यात चूक काही नाही. शाळा म्हणजे मुख्यतः शिकवणारी माणसंच. पण त्यातून एक गोष्ट घडते. वित्त विभागाला काटकसर करायची असते तेव्हा फळे-खडूंत कापण्यासारखं काही उरलेलं नसतं, आणि लागलेल्या माणसाचा पगार कमी करता येत नाही. मग काटकसर माणूस लागण्याआधीच केली जाते. पद मंजूरच करायचं नाही. मंजूर केलं तर भरायचं नाही. भरलं तर पूर्ण पगार द्यायचा नाही. पूर्ण पगार द्यायची वेळ आली तर तारीख पुढे ढकलायची. गेल्या पंचवीस वर्षांत महाराष्ट्राने हे चारही मार्ग वापरले आहेत, आणि मालेगावात चारही एकाच वेळी पाहायला मिळतात.

सुरुवात २००० सालापासून. त्या वर्षी शिक्षण सेवक योजना आली. नवा शिक्षक पहिली तीन वर्षं पगारावर नाही, मानधनावर. प्राथमिकला ३,०००, माध्यमिकला ४,०००, उच्च माध्यमिकला ५,००० रुपये. पुढे हे आकडे ६,०००, ८,००० आणि ९,००० झाले आणि दहा वर्षांहून अधिक काळ तिथेच राहिले. डीएड झालेला, टीईटी पास झालेला, निवडणुकीपासून जनगणनेपर्यंत सगळ्या कामांना जुंपलेला शिक्षक महिना ६,००० रुपयांवर, म्हणजे राज्याने स्वतः अकुशल मजुरासाठी ठरवलेल्या किमान वेतनाहून कमी पैशांत शिकवत होता. उच्च न्यायालयाने या मानधनावर बोट ठेवल्यानंतर जानेवारी २०२३ पासून ते १६,०००, १८,००० आणि २०,००० झालं. ज्यांनी आपली तीन वर्षं ६,००० वर काढली त्यांना फरक मिळाला नाही.

२००१ मध्ये दुसरा निर्णय झाला. यापुढे नव्या शाळांना परवानगी मिळेल ती ‘कायम विनाअनुदानित’ या तत्त्वावर, म्हणजे सरकार कधीच अनुदान देणार नाही, या अटीवर. तिजोरीवर ताण होता हे खरं. पण मुलं वाढत होती, वस्त्या वाढत होत्या, आणि सरकारी शाळा त्या वेगाने उघडत नव्हत्या. संस्थांनी अट मान्य करून शाळा काढल्या, तरुण शिक्षकांनी अट मान्य करून नोकऱ्या धरल्या. आज ना उद्या सरकारला द्यावंच लागेल, असा हिशेब दोघांच्याही मनात होता. तो खोटा ठरला नाही. जुलै २००९ मध्ये ‘कायम’ शब्द वगळला गेला आणि शाळा मूल्यांकनातून अनुदानाला पात्र ठरू लागल्या. अनुदान मात्र टप्प्याटप्प्याने द्यायचं ठरलं: वीस, चाळीस, साठ, ऐंशी, शंभर.

दर वर्षी एक पायरी चढली असती, तर सप्टेंबर २०१६ च्या निर्णयाने वीस टक्के मिळालेली शाळा २०२० मध्ये पूर्ण अनुदानावर आली असती. प्रत्यक्षात फेब्रुवारी २०२३ च्या शासन निर्णयाने तिला साठपर्यंत नेलं. १४ ऑक्टोबर २०२४ रोजी, विधानसभा निवडणुकीची आचारसंहिता लागण्याच्या आदल्या दिवशी, पुढच्या वीस टक्क्यांचा शासन निर्णय निघाला. पण सोबत पैशाची तरतूद नव्हती. १० मार्च २०२५ रोजी राज्याचा ७ लाख कोटींचा अर्थसंकल्प मांडला गेला. ३० जूनला पावसाळी अधिवेशनात ५७,५०९ कोटींच्या पुरवणी मागण्या आल्या. शिक्षक हे आकडे बारकाईने वाचत होते. आपला टप्पा त्यात दिसेना, तेव्हा ८ आणि ९ जुलैला शाळा बंद ठेवून ते आझाद मैदानावर पावसात बसले. विरोधी पक्षांचे नेते येऊन गेले, मंत्री येऊन शब्द देऊन गेले, आणि त्याच महिन्यात मंत्रिमंडळाने १ ऑगस्टपासूनच्या टप्पावाढीला मान्यता दिली. सुमारे ५२ हजार शिक्षक-शिक्षकेतर कर्मचारी, वर्षाला सुमारे ९७० कोटी रुपये.

या टक्क्यांचा घरातला अर्थ एका साध्या आकडेमोडीने कळतो. सातव्या वेतन आयोगात बीएड झालेल्या माध्यमिक शिक्षकाचं सुरुवातीचं मूळ वेतन ३८,६०० रुपये. त्याचे वीस टक्के म्हणजे ७,७२०. चाळीस टक्के म्हणजे १५,४४०. भत्ते वेगळे, पण तेही त्याच टक्क्यांत. शेजारच्या वर्गात पूर्ण अनुदानित तुकडीवर शिकवणारा शिक्षक, तीच पदवी, तेवढेच तास, तोच दहावीचा निकाल, आणि पगार वीस टक्केवाल्याच्या पाचपट. मालेगावच्या कित्येक शाळांत अनुदानित, अंशतः अनुदानित आणि विनाअनुदानित तुकड्या एकाच छताखाली भरतात. शिक्षकांच्या खोलीत डबे एकत्र उघडतात. पगाराच्या तारखेला मात्र बोलणं थांबतं.

यंत्रमागाच्या धंद्यात उचल ही रोजची गोष्ट आहे. लग्न, आजारपण, ईद, काही निघालं की कामगार मालकाकडून आगाऊ रक्कम घेतो आणि पुढे मजुरीतून फेडतो. शाळांत हे उलटं झालं आहे. इथे कामगार मालकाला उचल देतो. आज वर्ग घेतो, आज पेपर तपासतो, आणि मोबदला मालकाच्या सोयीने कधीतरी येईल म्हणून थांबतो. मागाचा मालक निदान दिलेली उचल वहीत लिहून ठेवतो. शिक्षकांनी राज्याला दिलेली उचल कुठल्याही वहीत नाही, कारण टप्पा मंजूर होतो तो पुढच्या तारखेपासून, मागची थकबाकी देय नाही, असं शासन निर्णयातच लिहिलेलं असतं. वित्तीय तूट कमी दिसते, महसुली तूट आटोक्यात दाखवता येते, आणि त्या आकड्यांच्या मागे कुणाचं तरी न झालेलं लग्न, न बांधलेलं घर, शाळा सुटल्यावरची शिकवणी किंवा मागावरची पाळी असते. मला हा महाराष्ट्राच्या अर्थव्यवस्थापनातला सर्वांत मोठा अन्याय वाटतो. कर्जावर व्याज तरी पडतं. यावर तेही पडत नाही.

याला निवृत्तीची दुसरी बाजू आहे. १ नोव्हेंबर २००५ पासून लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही, अंशदायी योजना. पण जे त्याआधी लागले आणि ज्यांची शाळा त्या तारखेनंतर शंभर टक्के अनुदानावर आली, त्यांचं काय? सरकारने त्यांनाही नव्या योजनेत ढकललं. अनुदान उशिरा देण्याचा निर्णय सरकारचा, त्या उशिराची किंमत म्हातारपणी शिक्षकाची. न्यायालयांत प्रकरणं वर्षानुवर्षं चालली. मार्च २०२३ मध्ये राज्यातले कर्मचारी जुन्या पेन्शनसाठी संपावर गेले, तेव्हा शिक्षक त्यात मोठ्या संख्येने होते. परीक्षांच्या दिवसांत संप कसा करता, असं त्यांना विचारलं गेलं. अर्थसंकल्प मार्चमध्येच येतो, हे विचारणारे विसरत होते.

आता महापालिकेच्या शाळांकडे येऊ, कारण इथे मालेगावची स्वतःची अडचण आहे. २००१ मध्ये मालेगाव नगरपालिकेची महापालिका झाली. शहराचा दर्जा वाढला याचा आनंद रास्त होता. पण राज्यात महापालिकेच्या प्राथमिक शिक्षकांच्या पगाराचा निम्मा वाटाच सरकार देतं, निम्मा महापालिकेने घालायचा. मुंबई-पुण्याला हे परवडतं. ज्या शहराची घरपट्टी दाट वस्तीतल्या छोट्या घरांतून आणि मागाच्या शेडमधून यायची, त्याला हा निम्मा वाटा डोंगराएवढा असतो. जकात गेली, तिच्या जागी आलेला स्थानिक संस्था कर २०१५ मध्ये बहुतांश व्यापाऱ्यांना माफ झाला, आणि मग महापालिका राज्याकडून येणाऱ्या भरपाईवर अवलंबून राहिल्या. स्वतःचं उत्पन्न आटलं तरी शिक्षकांच्या पगारातला वाटा तसाच राहिला. गोखल्यांनी १९११ मध्ये स्थानिक संस्थांवर एक तृतीयांश भार टाकला होता, तोही संकोचत. शंभर वर्षांनंतर कामगारांच्या या शहरावर तो निम्मा आहे. श्रीमंत आणि गरीब महापालिकेला एकच टक्का लावणं हे धोरणच चुकीचं आहे, आणि ते बदलायला घटनादुरुस्ती लागत नाही. वित्त विभागाची एक टिपणी आणि मंत्रिमंडळाचा एक ठराव पुरेसा आहे.

रिकाम्या पदांचा प्रश्न उर्दू शाळांत आणखी गुंतागुंतीचा आहे. २०१२ मध्ये राज्याने शिक्षक भरतीवर बंदी घातली. मग २०१७ मध्ये भरतीसाठी ‘पवित्र’ पोर्टल आलं, आणि त्यातून प्रत्यक्ष माणसं यायला आणखी काही वर्षं गेली. मध्येच ४ मे २०२० रोजी कोविडमुळे वित्त विभागाने खर्च ३३ टक्क्यांवर आणला आणि नवी भरती थांबवली. उर्दू माध्यमात त्यावर आणखी एक गाठ आहे. आरक्षित प्रवर्गांत उर्दू माध्यमाचे उमेदवार मिळत नाहीत, पदं पुन्हा पुन्हा जाहिरातीत येतात आणि पुन्हा रिकामीच राहतात, ही तक्रार वर्षानुवर्षांची आहे. आरक्षण चुकीचं नाही. पण उमेदवार नाही म्हणून वर्गाला शिक्षक नाही, यावर मार्ग काढण्याचं काम कुठल्यातरी कार्यालयात व्हायला हवं होतं. तोवर पाचवीच्या दोन तुकड्या एकत्र बसतात.

शाळेतल्या शिपायाची गोष्ट लहान वाटते, पण तिच्यात सगळं धोरण दिसतं. ११ डिसेंबर २०२० च्या निर्णयाने अनुदानित शाळांतली चतुर्थ श्रेणीची पदं यापुढे भरायची नाहीत असं ठरलं. त्याऐवजी शिपाई भत्ता: मुंबई-पुण्यात महिना १०,०००, इतर महापालिका क्षेत्रांत ७,५००, ग्रामीण भागात ५,०००. मालेगाव महापालिका क्षेत्र, म्हणजे ७,५००. या पैशांत घंटा वाजवायची, संडास धुवायचे, पाण्याची टाकी पाहायची, पोषण आहाराचं धान्य उतरवून घ्यायचं, आणि मुलींच्या शाळेत दारावर उभं राहायचं. एवढ्या पैशांत पूर्ण दिवसाचं माणूस मिळत नाही. काम तर थांबत नाही, मग ते मुख्याध्यापकाच्या आणि शिक्षकांच्या अंगावर येतं. वेतनेतर अनुदानही २००४ च्या सुमारास बंद झालं होतं. २०१३ मध्ये ते परत आलं, पण पाच टक्क्यांच्या मर्यादेत. शाळेचं वीजबिल आणि इमारतीची डागडुजी त्यातून भागत नाही.

गावाकडे हीच काटकसर संचमान्यतेच्या, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरवण्याच्या, रूपाने येते. १५ मार्च २०२४ च्या निर्णयाने निकष कडक झाले. सहावी ते आठवीचा पट वीसच्या खाली गेला तर त्या वर्गांना मंजूर पद शून्य. माळमाथ्यावरच्या एखाद्या गावात अठरा मुलं उच्च प्राथमिकला असतील, तर कागदावर त्यांना शिकवायला कुणी नाही. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कमी पटाच्या शाळांवर निवृत्त किंवा कंत्राटी शिक्षक नेमायचं ठरलं, शिक्षकांनी सामूहिक रजा टाकून मोर्चे काढले, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये कंत्राटी नेमणुकीचा निर्णय मागे घ्यावा लागला. संचमान्यतेचे निकष मात्र राहिले. याआधी डिसेंबर २०१७ मध्ये दहापेक्षा कमी पटाच्या १,३१४ शाळा बंद करायची घोषणा झाली होती. २०२३ मध्ये समूह शाळांची कल्पना निघाली. प्रत्येक वेळी कारण गुणवत्तेचं दिलं जातं, आणि प्रत्येक वेळी वाचणारा पैसा पगाराचा असतो. वडील ऊसतोडीला किंवा मागावर गेलेत, आई शेतात, अशा घरातली सहावीतली मुलगी चार किलोमीटरवरच्या शाळेत जाईल, असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा पावसाळ्यात काटवनातून चालून पाहावं.

आणि अंडी. नोव्हेंबर २०२३ मध्ये सरकारने पोषण आहारात आठवड्याला एक अंडं द्यायचं ठरवलं. एका अंड्याला पाच रुपये. कुपोषणाचा प्रश्न असलेल्या राज्यात हा साधा आणि चांगला निर्णय होता. यंत्रमागाच्या वस्तीत सकाळी चहा-पावावर शाळेत आलेल्या पोराला त्या अंड्याची किंमत विचारावी. जानेवारी २०२५ मध्ये राज्याने अंड्यासाठीचा निधी बंद केला. द्यायचंच असेल तर शाळांनी लोकवर्गणीतून द्यावं. वाचले ते सुमारे पन्नास कोटी. हा आकडा ७ लाख कोटींच्या अर्थसंकल्पाशेजारी ठेवून बघा. दुपारी तो आहार शिजवणाऱ्या बाईला महिना २,५०० रुपये मिळतात, त्यातले १,००० केंद्र आणि राज्याने ठरवलेल्या मूळ मानधनाचे, १,५०० राज्याने वाढवलेले.

पैसे नव्हते, असं म्हणता येईल का? २८ जून २०२४ रोजी ‘माझी लाडकी बहीण’ योजना जाहीर झाली आणि ऑगस्टमध्ये पहिले हप्ते खात्यांत जमा झाले. दोन महिनेही लागले नाहीत. २०२५-२६ मध्ये तिच्यासाठी ३६,००० कोटी ठेवले गेले. मालेगावात घरी बसून कांड्या भरणाऱ्या कितीतरी बायकांच्या हाती योजनेचे दीड हजार रुपये आले, आणि त्यांच्याविरुद्ध माझी तक्रार नाही. त्या पैशांवर त्यांचा हक्क आहे. पण ३६,००० कोटींची योजना दोन महिन्यांत उभी राहते आणि ९७० कोटींच्या टप्प्याला नऊ महिने, एक मोर्चा आणि पाऊस लागतो, तेव्हा अडचण पैशाची नसते, प्राधान्याची असते. त्याच बहिणीच्या मुलाच्या वर्गात शिक्षक नाही, त्याच्या ताटातलं अंडं गेलं, त्याच्या शाळेत शिपाई नाही. मे २०२५ मध्ये सामाजिक न्याय आणि आदिवासी विकास विभागांचे मिळून साडेसातशे कोटींच्या आसपास रुपये या योजनेकडे वळवले गेले. वसतिगृहं आणि आश्रमशाळा चालवणारे विभाग ते. बहिणीला द्यायचे पैसे तिच्याच मुलाच्या शाळेतून काढले जाऊ नयेत, एवढी अपेक्षा वाजवी आहे.

महात्मा फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगाला सांगितलं होतं की सरकार कर शेतकऱ्यांकडून घेतं आणि शिक्षणाचा पैसा वरच्या वर्गांच्या मुलांवर खर्च होतो. आज हे वेगळ्या रीतीने घडतं. यंत्रमाग कामगार सुतापासून साबणापर्यंत प्रत्येक खरेदीत जीएसटी भरतो. त्याचं मूल जिथे जातं त्या शाळेत काटकसर होते, आणि ज्याला परवडतं तो मोसम पुलापलीकडच्या इंग्रजी शाळेची फी भरून या हिशेबातून बाहेर पडतो.

डिसेंबरात नागपूरला हिवाळी अधिवेशन भरेल आणि पुरवणी मागण्यांची पुस्तकं सदस्यांच्या टेबलावर येतील. मालेगावच्या दोन आमदारांपैकी एक तेव्हा शिक्षणमंत्री म्हणून उत्तर द्यायला उभे असतील. त्यांना विचारण्यासारखं बरंच आहे. पुढच्या टप्प्याचा शासन निर्णय निघेल तेव्हा त्याच्याबरोबर तरतूद असेल का. मालेगावसारख्या ‘ड’ वर्गातल्या महापालिकांचा शिक्षक वेतनातला वाटा निम्म्यावरून खाली येईल का. उर्दू शाळांतली पुन्हा पुन्हा रिकामी राहणारी पदं कोणत्या नियमाने भरणार. माळमाथ्यावरच्या अठरा मुलांना सहावीला कोण शिकवणार. अंडं परत येणार का. यातल्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर पन्नास कोटींचं आहे आणि ते द्यायला मंत्र्यांना पुढच्या मार्चपर्यंत थांबण्याची गरज नाही.